नेट वेगवान, तरी चित्र धूसर का? ब्राउझरचा त्यातला वाटा

(अमरावती आणि अकोला इथे दोन वेगवेगळ्या संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. दोन्हीकडचे प्रश्न शेवटी एकत्र दिले आहेत.)

विषय तसा घरगुती आहे. पण त्यापायी घरोघरी पैसे चुकीच्या जागी जातात, म्हणून तो मुद्दाम घेतला. तक्रार तुमच्या ओळखीचीच: "नेट तं फास्ट हाये, मंग व्हिडिओ काऊन अडकते?" आणि दुसरी, तिच्याच पाठची, "अडकत नाही, पण चित्र धुरकट दिसतं." मग आपण काय करतो? केबलवाल्याला फोन लावतो. तो म्हणतो, चाळीसचा प्लॅन आहे तुमचा, शंभरचा घ्या. आपण घेतो. आठ दिवसांनी पाहावं तर चित्र जिथल्या तिथे.

मला आज एवढंच सांगायचं आहे की नेटचा वेग आणि डोळ्यांना दिसणारं चित्र यांच्या मध्ये एक तिसरा बसलेला असतो, तो ब्राउझर. आपण त्याला खिडकीची काच समजतो. काच कुठलीही बसवा, बाहेरचं झाड तेच दिसणार. ब्राउझर तसा नाही. तो बाहेरच्याशी बोलणी करतो. मला काय उघडता येतं, किती भरवशाचं कुलूप माझ्याकडे आहे, हे आधी सांगतो, आणि त्यावर समोरचा ठरवतो की कोणती प्रत द्यायची.

याचा पुरावा एकदम स्वच्छ आहे. ॲपलच्या मोठ्या पडद्याच्या संगणकावर कित्येक वर्षं असं होत होतं, की यूट्यूबवरचा ४के व्हिडिओ सफारीत उघडला तर जास्तीत जास्त १०८० पी मिळायचं, आणि त्याच संगणकावर, त्याच नेटवर, क्रोममध्ये पूर्ण ४के. २०२० मध्ये सफारीला एक नवा कोडेक समजायला लागला आणि हा फरक गेला. संगणक बदलला नाही, नेटचा प्लॅन बदलला नाही.

आता कोडेक म्हणजे काय, ते पाहू. अकोल्यात हे सांगणं सोपं जातं, कारण इथे कापसाची गठाण प्रत्येकाने पाहिलेली आहे. जिनिंगमधून निघालेली रुई तशीच मोकळी ट्रकमध्ये भरली तर ट्रक तिथेच भरून जाईल. म्हणून ती प्रेसमध्ये दाबायची, १७० किलोची गठाण बांधायची आणि पाठवायची. व्हिडिओचंही तेच. १०८० पी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, साधारण २० लाख ७० हजार. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर होतात सेकंदाला साधारण १५५ मेगाबाइट. म्हणजे सव्वा गिगाबिटच्या आसपास. एवढं नेट तुमच्या घरी नाही, माझ्याही नाही. तरी तेच चित्र ५ मेगाबिटमध्ये येतं, कारण ते अडीचशे पट दाबलेलं असतं. दाबायची आणि उघडायची ही जी रीत, तिला कोडेक म्हणायचं.

दाबायच्या रीती अनेक आहेत. २००३ ची एच.२६४ ही सगळ्यांची ओळखीची. जवळजवळ प्रत्येक यंत्र ती उघडतं. २०१३ मध्ये गूगलची व्हीपी९ आली, ती त्याहून घट्ट दाबते. २०१८ मध्ये एव्ही१ आली, ती आणखी घट्ट. गठाण जितकी घट्ट तितका ट्रकमधला माल लहान, म्हणजे तुमचा डेटा वाचतो. पण ती सोडायला मेहनतही तितकीच जास्त. बहुतेकांना हा दुसरा भाग कोणी सांगितलेला नसतो. आपल्याकडचे अर्धे अडथळे तिथेच आहेत.

गठाण सोडायचं काम दोन ठिकाणी होऊ शकतं. एक, संगणकाच्या ग्राफिक्स भागात त्यासाठीच बसवलेली छोटी यंत्रणा असते, ती गुपचूप, थंडपणे काम करते. याला हार्डवेअर डीकोडिंग म्हणतात. दोन, ती यंत्रणा नसेल तर मुख्य प्रोसेसर सगळी हातमजुरी करतो. इंटेलच्या प्रोसेसरांपुरतं सांगतो, कारण इकडे जुन्या लॅपटॉपमध्ये तेच जास्त दिसतात. एच.२६४ ची यंत्रणा दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०११ पासून सर्रास आहे. व्हीपी९ ची पूर्ण यंत्रणा आली सातव्या पिढीत. एव्ही१ ची अकराव्या पिढीत, २०२० मध्ये.

आता तुमच्या घरचा लॅपटॉप आठवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाकी महाराष्ट्र बऱ्यापैकी उघडा असताना आपल्याकडे पुन्हा टाळेबंदी लागली. अमरावती आणि अचलपूर शहरांत २२ तारखेच्या संध्याकाळपासून, पाठोपाठ अकोल्यातही. पोरांची शाळा, कॉलेज, क्लास सगळं पुन्हा पडद्यावर गेलं. तेव्हा कितीतरी घरांत सेकंडहँड लॅपटॉप आले. चौथ्या पिढीचे, पाचव्या पिढीचे. ते आजही चालू आहेत, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं त्यांच्यावरच व्याख्यानं पाहतात.

अशा लॅपटॉपवर क्रोम उघडला आणि यूट्यूब लावलं की काय होतं? ब्राउझर प्रामाणिकपणे सांगतो, मला व्हीपी९ उघडता येतं. येतंच, हातमजुरीने. समोरून व्हीपी९ ची गठाण येते. प्रोसेसर कामाला लागतो, पंखा घोंगावतो. जानेवारीत हे चालून जातं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे गेला, की खोलीतली हवाच इतकी गरम असते की पंखा फिरूनही आतली उष्णता बाहेर जात नाही. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, कारण तशी सोय त्याच्यात केलेली असते. वेग कमी झाला की सेकंदाला तीसच्या तीस चित्रं उघडून होत नाहीत, काही गाळली जातात. पडद्यावर सर बोलतात एक आणि ओठ हलतात दुसरेच. आपण म्हणतो, नेट अडकलं. नेट बिचारं रिकामं बसलेलं असतं.

हे ओळखायचं कसं? यूट्यूबवर चालू व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दाबा. यादीत सगळ्यात खाली 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' असं दिसेल. नाव तसं थट्टेचं आहे, पण खिडकी फार कामाची. तीन ओळी पाहा. कोडेकच्या ओळीत एव्हीसी१, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ यांपैकी काहीतरी असेल. त्यातलं एव्हीसी१ म्हणजे आपलं जुनं एच.२६४. दुसरी ओळ फ्रेम्सची, 'ड्रॉप्ड' किती ते लिहिलेलं असतं. तिसरी 'बफर हेल्थ', म्हणजे पुढचे किती सेकंद आधीच घरात येऊन पडलेत. बफर वीस-तीस सेकंदांचा भरलेला आहे आणि ड्रॉप्डचा आकडा भराभर वाढतोय, तर दोष नेटचा नाही. बफर शून्याकडे चाललाय, तर मग खुशाल केबलवाल्याला फोन करा.

दोष उघडणाऱ्याचा निघाला तर उपाय फुकटातले आहेत. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' चालू आहे का ते आधी पाहा. कोणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेलं असतं आणि मग यंत्रणा असूनही हातमजुरी चालते. दुसरं, एच२६४इफाय नावाचं एक छोटं एक्स्टेन्शन आहे. ते ब्राउझरला एवढंच शिकवतं की व्हीपी९ येतं असं सांगू नकोस. मग समोरून एच.२६४ येतं, जुनी यंत्रणा ते आरामात उघडते, पंखा शांत होतो. डेटा मात्र थोडा जास्त जातो, हे लक्षात ठेवा. तिसरं, ६० फ्रेमचा पर्याय सोडून साधा ७२० पी घ्या. फळ्यावर लिहिणाऱ्या सरांना सेकंदाला साठ चित्रं कशाला पाहिजेत?

आणखी एक बारकी गोष्ट. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो. क्रोममध्ये ऊर्जा वाचवण्याची सोय आहे, ती साधारणपणे बॅटरी वीस टक्क्यांवर आली की जागी होते आणि तेव्हा व्हिडिओच्या फ्रेम कमी होऊ शकतात. एजमध्येही अशी सोय आहे. म्हणजे लाइट गेल्यावर 'नेटही स्लो झालं' असं जे वाटतं, त्यात राउटर बंद पडला नसेल तर बऱ्याचदा ही बचत असते.

इथपर्यंतचं सगळं अडकण्याबद्दल झालं. धुरकटपणाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला जास्त खटकते, कारण तिथे आपण पैसे भरलेले असतात.

पैसे देऊन पाहायचा सिनेमा कुलपात येतो. ते कुलूप उघडायची किल्ली ब्राउझरकडे असते. अशा कुलपाला डीआरएम म्हणतात. मुख्य तीन आहेत: गूगलचं वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी, ॲपलचं फेअरप्ले. क्रोम आणि फायरफॉक्स वाइडवाइन वापरतात, सफारी फेअरप्ले, आणि विंडोजवरच्या एजला प्लेरेडी वापरता येतं. वाइडवाइनच्या पायऱ्या आहेत. एल१ मध्ये कुलूप उघडणं आणि चित्र सोडणं दोन्ही यंत्राच्या आतल्या बंद कप्प्यात होतं, बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रामला तिथे डोकावता येत नाही. एल३ मध्ये हेच काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. सिनेमाचे मालक म्हणतात, बंद खोलीत उघडणाऱ्याला उत्तम प्रत देऊ. ओसरीवर उघडणाऱ्याला देऊ, पण कमी प्रतीची. विंडोजच्या संगणकावरचा क्रोम बहुतेक वेळा ओसरीवर बसलेला असतो.

याचा परिणाम आकड्यात पाहा. अनेक वर्षं विंडोजवर नेटफ्लिक्स क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये पाहिलं तर ७२० पी हीच हद्द होती. त्याच संगणकावर एजमध्ये ४के पर्यंत जाता यायचं. ७२० आणि १०८० मध्ये ठिपक्यांचा फरक सव्वादोन पट आहे, लहान नाही. पुढे क्रोम आणि फायरफॉक्सची हद्द १०८० पर्यंत सरकली. पण विंडोजवर ४के पाहायचं तर एज किंवा त्यांचं स्वतःचं ॲप लागतं, शिवाय संगणक आणि पडदाही त्या लायकीचे लागतात.

आता याला रुपयांत मांडू. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातले दर उतरवले, तेव्हा १०८० पी देणारा प्लॅन ४९९ रुपये झाला आणि ४के देणारा ६४९. फरक महिन्याला दीडशे, वर्षाला अठराशे. हे अठराशे रुपये भरून कोणी लॅपटॉपवर क्रोममध्ये सिनेमा पाहत असेल, तर तो जे विकत घेतोय ते त्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि नेटचा वेग? त्याच कंपनीच्या शिफारशीनुसार ७२० ला ३ मेगाबिट पुरतात, १०८० ला ५, ४के ला १५. चाळीसच्या प्लॅनवर घरात एकच सिनेमा चालू असेल तर वेग हा मुद्दाच उरत नाही. शंभरचा घेतलात तरी ब्राउझरची हद्द तिथेच.

फोनवरही हे झालेलं आहे. २०१८ मध्ये पोको एफ१ भारतात आला. ताकदवान प्रोसेसर, किंमत आटोक्यात, लोकांनी भरभरून घेतला. पण त्यात वाइडवाइनची पातळी एल३ होती, त्यामुळे नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी एचडी मिळेना. पुढच्या वर्षी अपडेटमधून एल१ आलं. फोनचा पडदा तोच, आतला चिप तोच. कागदपत्रं तेवढी पूर्ण झाली.

हे कुलूप ब्राउझरमध्ये असावं का, यावर मोठा वाद झाला होता. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचं मानक मंजूर केलं. मतदानात १०८ बाजूने, ५७ विरोधात, २० तटस्थ. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संस्था त्यावरून राजीनामा देऊन बाहेर पडली. बाजूच्या लोकांचं म्हणणं, हे नाही केलं तर सिनेमे वेबवर येणारच नाहीत, सगळे आपापल्या ॲपमध्ये कोंडले जातील. ते खोटं नव्हतं. पण मला विरोधकांचं एक म्हणणं पटतं: पैसे देणाऱ्या माणसाला कोणत्या कारणाने कमी प्रत मिळतेय हे त्याला कळतसुद्धा नाही. पडद्यावर कुठेही लिहून येत नाही की तुमचा ब्राउझर बदला, चित्र सुधारेल.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही घरी जाऊन सगळं खापर ब्राउझरवर फोडाल. व्हिडिओ छोट्या तुकड्यांत येतो, काही सेकंदांचा एकेक. प्रत्येक तुकड्याच्या वेळी ठरतं की कितीची प्रत मागायची. वायफायचा राउटर दोन भिंतींपलीकडे असेल, संध्याकाळी सगळी गल्ली मॅच पाहत असेल, तर कोणताही ब्राउझर काही करू शकत नाही. कधी देणाराच हात आखडता घेतो. २४ मार्च २०२० ला भारतातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मिळून ठरवलं होतं की १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर ४८० पी च्या वर द्यायचं नाही. देशभर सगळे घरी बसलेले, नेटवर्कवर ताण. तेव्हा तुम्ही ब्राउझर बदलला असता, फोन बदलला असता, फरक पडला नसता.

मला नेहमी विचारतात, मग सगळ्यात चांगला ब्राउझर कोणता ते सांगून टाका. असा एक नाही. माझी शिफारस म्हणाल तर संगणकावर दोन ठेवा. व्याख्यानं, यूट्यूब, रोजचं काम यासाठी जो तुमच्या यंत्रावर कमी तापतो तो. पैसे भरून पाहायच्या सिनेमासाठी विंडोजवर एज, मॅकवर सफारी. नवा प्लॅन घेण्याआधी तोच व्हिडिओ, त्याच वेळी, दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाच मिनिटं लावून पाहा.

आता तुमचे प्रश्न घेतो.

(अमरावतीतून एक गृहस्थ: आमच्याकडे विंडोज ७ चा संगणक आहे. क्रोम अपडेटच होत नाही. त्याचा काही संबंध?)

आहे, भाऊ. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यापुढे गूगलने ते बंद केलं. यूट्यूब अजून चालेल, पण कुलपातल्या व्हिडिओंना जुनी किल्ली हळूहळू चालेनाशी होते. फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची लांब मुदतीची आवृत्ती त्या मानाने जास्त काळ सांभाळली गेली, ती टाकून पाहा. पण एक ऐका, त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका. व्हिडिओ अडकला तर अडकला, पैसे गेले तर परत येत नाहीत.

(अकोल्यातल्या एक शिक्षिका: शाळेत प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडून माहितीपट दाखवते. लॅपटॉपवर दिसतं, भिंतीवर काळं. ब्राउझर बदलू का?)

नाही ताई, इथे दोष वायरीकडे आहे. कुलपातलं चित्र बाहेरच्या पडद्याकडे पाठवताना एचडीसीपी नावाची आणखी एक तपासणी होते. समोरचा पडदा ओळख देऊ शकला तरच चित्र जातं, नाहीतर कमी प्रतीचं किंवा काळं. शाळांमधल्या जुन्या प्रोजेक्टरची ती निळी व्हीजीए वायर असते ना, तिच्यात ओळख द्यायची सोयच नाही. एचडीएमआय असलेला प्रोजेक्टर आणि थेट एचडीएमआय वायर लावून पाहा. यूट्यूबवरच्या मोकळ्या माहितीपटांना ही अडचण येत नाही, ते व्हीजीएवरही दिसतील.

(एक विद्यार्थी: सर, मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एनपीटीईएलचे लेक्चर पाह्यतो. रोजचा दोन जीबी डेटा हाये. फळा दिसला पाह्यजे आन् डेटा बी पुरला पाह्यजे. कोणता ब्राउझर?)

तुझा हिशोब आधी करू. ५ मेगाबिटने तासाला सव्वादोन जीबी जातात, म्हणजे एका लेक्चरमध्ये तुझा दिवस संपला. ३ मेगाबिट धरले तरी तासाला एक जीबी पस्तीस. प्रत्यक्षात फळ्यासमोर उभ्या सरांचं चित्र फारसं हलत नाही, त्यामुळे ते याहून बरंच कमी जागेत दाबलं जातं. ४८० लावून पाहा. खडूची अक्षरं वाचता आली तर तेवढ्यावर थांब. डेटा वाचवायचा असेल आणि लॅपटॉप सातव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर व्हीपी९ येऊ दे, ते एक्स्टेन्शन टाकू नकोस. लॅपटॉप जुना असेल तर मात्र ब्राउझरच्या फंदातच पडू नकोस. एनपीटीईएलच्या साइटवर लेक्चर उतरवून घ्यायची सोय आहे. कॉलेजच्या नाहीतर वाचनालयाच्या वायफायवर आठवड्याची लेक्चरं उतरवून घे आणि घरी व्हीएलसीमध्ये लाव. डेटा शून्य, पंखा शांत, आणि न कळलेली ओळ दहा वेळा मागे नेता येते.